शेअर दहा रुपयांचा असला म्हणजे स्वस्त नव्हे

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

घरोघरी एअरफायबर (तारेविना येणारं घरचं इंटरनेट) लागतंय, डेटाचा वापर वाढतोय, म्हणजे मोबाइल कंपन्यांचे शेअर वर जाणारच, असं तू लिहिलं आहेस. वापर वाढणार यात वाद नाही. पण या धंद्यात ग्राहकाचा पैसा आधी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या रेडिओ लहरींच्या, हप्त्यांना जातो, मग टॉवरला, मग कर्जाच्या व्याजाला. भागधारक शेवटच्या पंगतीला.

२०१० सालचं उदाहरण घे. त्या जूनमध्ये सरकारने वायरलेस ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमचा लिलाव केला. देशातली सगळी २२ सर्कल (मोबाइल सेवेसाठी पाडलेले प्रदेश) इन्फोटेल नावाच्या छोट्या कंपनीने सुमारे १२,८४८ कोटींना घेतली आणि लगेच रिलायन्सने तिचा ९५ टक्के हिस्सा ४,८०० कोटींना उचलला. जिओची सेवा मात्र लोकांसाठी सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ रोजी. सहा वर्षं अडकलेला पैसा रिलायन्सला झेपला, कारण मागे रिफायनरीची कमाई होती. त्याच लिलावात एअरसेलला ८ सर्कल मिळाली होती. ती २०१६ मध्ये एअरटेलला विकायची वेळ आली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लोकांना वायरलेस इंटरनेट हवं असणार हा अंदाज दोघांचाही बरोबरच होता. फरक पडला तो दम धरण्याच्या ताकदीत.

दुसरी जोखीम सरकारी देण्यांची. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एजीआरचा, म्हणजे ज्या उत्पन्नावर सरकार शुल्क आकारतं त्याचा, निकाल दिला. परवाना शुल्क मोजताना व्याज, भाडं यांसारखं इतर उत्पन्नही धरायचं, असं ठरलं. थकबाकीवर व्याज, दंड आणि दंडावर पुन्हा व्याज! व्होडाफोन आयडियाने त्या एका तिमाहीत ५० हजार कोटींहून जास्त तोटा दाखवला. पुढे सरकारने या कंपनीकडचं आपलं येणं शेअरमध्ये बदलून घेतलं. २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या देण्यापोटी दहा रुपये दराने ३,६९५ कोटी नवे शेअर निघाले. आधीचे होते सुमारे ७,१४० कोटी. कंपनीवरचा बोजा हलका झाला, ते बरंच झालं. पण जुन्या भागधारकाचा वाटा एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्याने घटला. तुझ्या डीमॅट खात्यात शंभर शेअर असते तर ते शंभरच दिसले असते, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. दहा रुपयांच्या आसपासचा हा शेअर तुला स्वस्त वाटतो, तेव्हा एकूण शेअर किती आणि अजून किती निघू शकतात, हे आधी बघ.

चांगली बाजूही आहे आणि ती मी मनापासून मानतो. एअरटेललाही त्याच निकालाने त्या तिमाहीत सुमारे २३ हजार कोटींचा तोटा झाला होता. पण त्यांनी राइट्स इश्यूतून, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ करून, भांडवल उभं केलं, जास्त पैसे देणारा ग्राहक टिकवला, आणि २०२१ मध्ये ५३५ रुपयांना राइट्स घेणाऱ्याला २०२४ मध्ये पंधराशेच्या वरचा भाव दिसला. खाजगी कंपन्या आता तीनच उरल्यात. जुलै २०२४ मध्ये तिघींनी दर वाढवले. जीवघेणी दरकपात चालू असताना हे शक्यच नव्हतं.

तेव्हा वार्षिक अहवाल उघडलास की अध्यक्षांचं भाषण सोड आणि मागच्या टिपांमध्ये जा. स्पेक्ट्रमची पुढे द्यायची देणी कर्जात धरली आहेत का ते तपास. नसतील तर तू स्वतः मिळव. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावाचे पैसे वीस वार्षिक हप्त्यांत द्यायची मुभा आहे, ते हप्तेही तिथेच सापडतील. मग दर ग्राहकामागे महिन्याला किती उत्पन्न येतं ते बघ, आणि नेटवर्कवरचा खर्च व व्याज वजा जाता रोकड उरते का, ते तीन वर्षांचं एका कागदावर मांड.

तो कागद मला व्हॉट्सअॅपवर पाठव, मग बोलू. तोवर शेअर घेऊ नकोस. आणि फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांच्या, वाटेला तर मुळीच जाऊ नकोस, बाळा.

तुझा,
मामा