ऑक्टोबरमधील खुल्या बागा : काय पाहावे आणि काय विचारावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : दक्षिण आफ्रिकेतील हर्मानसजवळच्या एका लहान गावात ऑक्टोबरमधील एका शनिवार-रविवारी खासगी बागा लोकांना पाहण्यासाठी खुल्या असतात, यंदा भर स्थानिक आणि कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांवर आहे, आणि पुण्याहून नुकतेच तिकडे राहायला गेल्यामुळे भाड्याच्या घरामागील छोट्या जागेत काय लावावे हे आपल्याला तेथून शिकायचे आहे. अवश्य जावे. मात्र ऑक्टोबर हा त्या भागातील बागांचा सर्वांत देखणा काळ असतो, हे ध्यानात ठेवूनच तेथील बागा पाहाव्यात.

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, म्हणजे केप भागात, पाऊस मुख्यतः मे ते ऑगस्ट या महिन्यांत, म्हणजे तेथील हिवाळ्यात, पडतो. तो नुकताच संपलेला असल्याने ऑक्टोबरमध्ये जमिनीत ओल असते आणि पिनकुशनसारखी झुडपे फुलांनी भरलेली असतात. खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होते, कारण तेव्हा ऊन, कोरडी जमीन आणि आग्नेयेचा जोरदार वारा हे तिन्ही एकदम येतात. म्हणून प्रत्येक बागेच्या मालकांना एकच प्रश्न आवर्जून विचारावा : फेब्रुवारीत आपण कोणत्या वाफ्याला किती पाणी देता? त्या महिन्यातील छायाचित्र त्यांच्याकडे असेल, तर तेही पाहायला मागावे. पहिले एक-दोन उन्हाळे बहुतेक रोपांना पाणी द्यावेच लागते आणि त्यानंतर ते हळूहळू तोडता येते. त्यामुळे जुन्या, भरलेल्या बागांपेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या बागेत शिकण्यासारखे अधिक सापडते.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण नवख्या लोकांची फसगत तेथेच होते. एखादे झाड दक्षिण आफ्रिकेचे आहे एवढ्यावरून ते केपमध्ये कमी पाण्यावर जगेल असे मुळीच ठरत नाही. आपल्याकडील हरितगृहांतील जर्बेरा ज्या रानटी जातीपासून आला, ती देशाच्या पूर्वेकडील बार्बर्टन गावाच्या बाजूची, म्हणजे उन्हाळी पावसाच्या प्रदेशातील आहे. केपच्या ओल्या हिवाळ्यात तिची मुळे कुजण्याची भीती असते आणि कोरड्या उन्हाळ्यात तिला पाणी घालावे लागते. याउलट, पांढरी अरुम लिली पाणथळ जागेतील असूनही केपला शोभते, कारण ती हिवाळ्यात वाढते आणि जमीन कोरडी पडली की पाने टाकून कंदात निजून राहते. म्हणजे झाड ज्या ऋतूत पाणी मागते, त्याच ऋतूत पाऊस पडतो का, हे पाहायला हवे. केपच्या त्या लहानशा पट्ट्यात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के जगात इतरत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. त्यामुळे निवडीला तोटा नाही.

बागेत शिरल्यावर फुलांआधी हिरवळ पाहावी. किकुयू गवत पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आलेले असून उन्हाळ्यात हिरवे राहण्यासाठी ते भरपूर पाणी पिते. केपटाउनमध्ये दुष्काळामुळे फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती आणि नळाचे पाणी बागेला घालण्यास मनाई होती. त्या दुष्काळानंतर अनेकांनी हिरवळ काढून टाकली किंवा लहान केली. तिच्या जागी कोणी डायमोंडिया लावली असेल, तर ती जरूर पाहावी. जमिनीला चिकटून पसरणारी, पानांची खालची बाजू रुपेरी असलेली ही वनस्पती मूळची आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या अगुल्हास भागातीलच आहे. छपराच्या पन्हळीचे पाणी कोठे नेले आहे, वाफ्यांवर सालींचे किंवा खडीचे आच्छादन किती जाड आहे आणि तहानलेली झाडे घराजवळ एकत्र ठेवली आहेत का, हेही पाहावे.

आपल्याकडील एक सवय मात्र तेथे सोडावी लागेल. रोप लावताना खड्ड्यात हाडांचे खत किंवा सुपर फॉस्फेट टाकण्याची आपली रीत प्रोटिया आणि पिनकुशन या केपच्या झुडपांना मारक ठरते. केपच्या निकृष्ट मातीतून स्फुरदाचा (फॉस्फरसचा) कण न् कण शोषून घेण्यासाठी त्यांची मुळे बारीक झुपक्यांची झालेली असतात. त्यांना आयते स्फुरद मिळाले की ते विषासारखे बाधते. ही मुळे वरच्या थरात असल्यामुळे बुंध्याभोवती खुरपणीही करू नये.

अशा ठिकाणी रोपांची विक्री बहुधा असते आणि फुललेले पिनकुशन घेण्याचा मोह आवरत नाही. तरीही ऑक्टोबरमध्ये मोठी खरेदी करू नये, कारण रोप मुळे धरण्याच्या आतच उन्हाळा येतो. लागवडीचा काळ एप्रिल-मे, पहिल्या पावसाच्या सुमारास. जूनच्या सरींत रोप लावण्याची आपली जुनी सवय तेथे बऱ्यापैकी उपयोगी पडते, फक्त सोबत थंडी असते. घर भाड्याचे असल्याने सध्या कुंडीत पेलार्गोनियम कुकुलॅटम लावावे. ते केपच्या किनाऱ्याचे आहे, फाट्यापासून सहज येते आणि घर बदलताना सोबत नेता येते. महाराष्ट्रात तेलासाठी लावतात त्या जिरेनियमचे ते भावंड. फाटा हवा असल्यास मालकांना विचारून घ्यावा, वाटेत स्वतः तोडू नये. जमिनीत काही लावायचेच असेल, तर घरमालकांची परवानगी घेऊन मे महिन्यात एका कोपऱ्यातील किकुयू मुळासकट काढावे आणि तेथे डायमोंडियाचे ठोंब वीतभर अंतरावर लावावेत.