कन्सल्टंटचे सहा हजार राहू द्या, आधी पॉलिसीचं बोलू

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, पुढच्या वर्षी मेडिकलसाठी अर्ज करेल. तिला जेरियाट्रिक्सची, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकाची ओढ आहे. दर शनिवारी ॲडल्ट डे केअरमध्ये जाते. अर्ज उठून दिसावा म्हणून एक कन्सल्टंट ६,००० डॉलर मागतोय. द्यावेत का? २५ कॉलेजं ठीक आहेत ना? तिच्यावर कर्ज नको म्हणून मी (वय ५४) ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, दीड लाख डॉलर काढणार आहे. बाकीचे आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेला, बचतीसह आयुर्विमा) पॉलिसीतून येतील. ९ वर्षं महिना १,००० भरतोय.

उत्तर: कन्सल्टंटला नाही म्हणा. हॉस्पिटलमधून परतलेल्या आजींच्या डबीतली बंद केलेली गोळी ती वेगळी काढते आणि का बंद केली ते हिंदीत समजावते, असं तुम्हीच पुढे लिहिलंय. तेच तिने स्वतःच्या शब्दांत लिहावं. २५ अर्जांचे फॉर्म आणि सेकंडरी (प्रत्येक कॉलेजचा वेगळा दुसरा फॉर्म) धरून ४,००० डॉलर जातील, १५ पुरेत. तुमच्याच राज्याचं सरकारी विद्यापीठ रटगर्स पहिलं. न्यूयॉर्कचं माउंट सायनाय हवंच, या देशातल्या मेडिकल कॉलेजांतला पहिला जेरियाट्रिक्स विभाग तिथलाच, १९८२चा. तिथल्याच आइनस्टाइन कॉलेजात २०२४पासून ट्यूशन माफ आहे. जरूर भरा, पण तिथे झुंबड असते. त्या भरवशावर हिशोब मांडू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. ५४व्या वर्षी ४०१(के) फोडलीत तर १० टक्के दंड आणि वर केंद्र आणि राज्य, दोन्ही सरकारांचा कर. दीड लाखातले ९० हजार हातात आले तर नशीब. मुलीला कर्ज मिळतं, तुमच्या निवृत्तीला कोणी देत नाही.

आणि आययूएल! ९ वर्षांत १,०८,००० भरलेत. स्टेटमेंटवर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम, ७१,०००. 'बाजार पडला तरी शून्याखाली नाही' हे विकणाऱ्याने सांगितलं; विम्याचा खर्च आणि चार्जेस त्या शून्यातूनही कापले जातात, हे गिळलं. दरवर्षी ७ टक्के वाढ दाखवणारा रंगीत तक्ता म्हणजे हमी नव्हे. तो मंडळाच्या गणपतीत भेटलेला ओळखीचा माणूस होता म्हणून तुम्ही विचारलं नाहीत, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

मग फी? १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पूर्ण खर्चाइतकं मिळणारं सरकारी कर्ज, बंद आहे. मेडिकलला फेडरल कर्ज वर्षाला ५०,०००, एकूण २ लाख. घरून ये-जा केली तर रटगर्सची फी साधारण त्यात बसते. महागड्या कॉलेजात चार वर्षांचे चार लाख होतात, वरचं खासगी कर्ज. जेरियाट्रिक्सला रेसिडेन्सीनंतर (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) एक वर्षाची फेलोशिप, आणि तरी कमाई बऱ्याचदा साध्या इंटर्निस्टपेक्षा (जनरल फिजिशियन) कमी. खासगी कर्ज तिथे फिटता फिटणार नाही. फेडरल कर्जाला मात्र पीएसएलएफ ही सरकारी कर्जमाफी योजना आहे. ना-नफा हॉस्पिटलात १० वर्षं हप्ते भरले की उरलेलं माफ, रेसिडेन्सीची वर्षंही धरतात.

तर ४०१(के)ला हात नको. आधी टर्म पॉलिसी (बचत नसलेला, ठरावीक मुदतीचा साधा विमा) हातात घ्या, मग आययूएल बंद करा. महिन्याला सुटलेल्या हजारात तिचा राहण्याजेवण्याचा खर्च भागेल. सरेंडरचा आकडा थेट कंपनीकडून लेखी मागवा. विकणाऱ्याला फोन केलात तर तो 'याहून चांगली' नवी पॉलिसी घेऊन घरी येईल.