जळगाव–मुंबई विमानाचं अंतर: 192, 221 की 355?

चोपड्याच्या दादांनी विचारलंय की जळगाव–मुंबई हवाई अंतर एके ठिकाणी 192 दिसतं, दुसरीकडे 221, तिसरीकडे 355. खरं कोणतं? आणि विमान ताशी 500 किलोमीटरने उडतं, तर सव्वा तास कशाला लागतो?

दादा, तिन्ही खरे. 192 सागरी मैल, 221 साधे मैल, 355 किलोमीटर. वैमानिकांचा हिशोब सागरी मैलात चालतो, एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. बाजारात भाव ऐकला की आपण आधी विचारतो, क्विंटलचा का किलोचा? इथेही तेच विचारायचं. आणि हे अंतर सरळ रेषेतलं. रेल्वे चाळीसगाव, मनमाड, नाशिक करत कसारा घाट उतरते, म्हणून तिचे 420 किलोमीटर होतात.

आता वेळ. भागाकार केला तर 43 मिनिटं येतात, पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत थांबेपर्यंतची असते. आपल्याकडे येतं ते एटीआर, पंख्याचं विमान. 500 चा वेग त्याला वर पोचल्यावर मिळतो, चढता-उतरताना नाही. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि वर रांग लागते. गेल्या हिवाळ्यात खाडीवरचा तोच पूल मला खिडकीतून तीनदा दिसला. शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, एवढ्यात कल्याण आलं असतं!"

खरा हिशोब घर ते घर करा. चोपड्याहून कुसुंब्याचा, म्हणजे जळगावचा, विमानतळ दीड तास, तिथे तासभर आधी, उड्डाण सव्वा तास, मग बॅग आणि टॅक्सी धरून दादरपर्यंत आणखी तास-सव्वा तास. झाले पाच. रात्रीची गाडी जळगावहून सातेक तास घेते, पण झोप होते आणि सकाळी थेट दादरला उतरता. सकाळचं काम असेल तर मी अजूनही गाडीच धरतो. म्हातारं माणूस सोबत असेल तर मात्र विमान.

पुतण्याच्या दुबईच्या तिकिटाबद्दलही तुम्ही लिहिलंय: मुंबईहून 10 ला निघून 11:45 ला पोचतं, म्हणजे पावणेदोन तासच? नाही. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, प्रवास सव्वातीन तासांचा. अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. येताना वारा बहुतेक वेळा पाठीशी असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी वेळ लागतो, तरी तिकिटावर साडेचार तासांच्या आसपास फरक दिसेल.

त्याला घ्यायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. उतरण्याची वेळ मुंबईचीच छापलेली असते, तिच्यात दीड तास मिळवू नका. मी मिळवला होता. पोचलो तेव्हा भाचा बॅगेवर बसून दुसरा वडापाव खात होता.