टाइप १ मधुमेहाचे निदान झालेल्या मुलाच्या कुटुंबाने आधार कुठे शोधावा?

गुहागरजवळच्या गावात राहणाऱ्या तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह असल्याचे नुकतेच कळले, त्याचे वडील नोकरीसाठी मुंबईला असतात, तेव्हा आधार कोणाचा घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मुलीचे निदान २०१९ मध्ये झाले आणि आम्ही दापोली तालुक्यात राहतो, म्हणून अनुभवाने लिहिते.

माझ्या मते पहिला आधार म्हणजे इन्शुलिन देता येणारी घरातली दुसरी व्यक्ती. आमच्याकडे सुरुवातीचे दोन महिने सारे माझ्यावरच होते. मला ताप आला त्या दिवशी घरात कोणालाच इंजेक्शन भरता येईना. त्यानंतर सासूबाई शिकल्या. त्यांना पहिल्यांदा सांगितले ते हे, की ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या) बाटलीसाठी लाल टोपणाचीच सिरिंज वापरायची, १०० युनिटची केशरी टोपणाची कधीही नाही. कारण त्या अदलाबदलीत मात्रा चुकते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठायचे, हे आज त्यांना माझ्याइतकेच पाठ आहे. हेच सारे कागदावर लिहून वर्गशिक्षकांनाही द्या.

नातेवाईक दोष शोधतील. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. उपचार सुरू झाल्यावर काही मुलांची इन्शुलिनची गरज काही महिने बरीच कमी होते. डॉक्टर त्याला हनिमून काळ म्हणतात. नेमका तेव्हाच कोणी काढा किंवा अंगारा दिलेला असतो आणि श्रेय त्याला जाते. कृपा करून त्या भरवशावर इन्शुलिन बंद करू नका. मूल आजारी असून जेवत नसले तरी ते पूर्ण थांबवायचे नसते. उलट्या, पोटदुखी आणि खोल, जलद श्वास दिसले तर घरी वाट पाहू नका.

शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. एका मडक्यात दुसरे लहान मडके, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आत डब्यात इन्शुलिन, अशी सोय आम्ही केली. पण कोकणातल्या दमट हवेत मडके फारसे गार होत नाही, म्हणून न उघडलेल्या बाटल्या जनरेटर असलेल्या औषध दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. त्याला आधीपासून ठाऊक होते म्हणूनच ते जमले. बाटली बर्फाला टेकवू नका. गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

आपल्यासारख्याच दुसऱ्या आईशी बोलल्याने मला जे बळ मिळाले, ते अन्य कशानेही मिळाले नाही. डॉक्टरांना सांगा की, त्यांच्याकडे येणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी, त्यांची संमती घेऊन, ओळख करून द्या. मुंबईत ज्युवेनाइल डायबेटिस फाउंडेशन अशा कुटुंबांसाठी काम करते. मुलाचे वडील तिथेच आहेत, तर चौकशीचे काम त्यांच्याकडे द्या. आणि गणपतीला ते घरी येतील तेव्हा त्या दिवसांतली इंजेक्शने त्यांनाच देऊ द्या. उकडीच्या मोदकासाठी किती युनिट लागतील, तेही डॉक्टरांना विचारून त्यांनीच मोजावे.