कोरल येतं ना? आता अक्षराकडे बघ

प्रश्न : मी मंगळवेढ्याचा, बारावी कॉमर्सला आहे. संध्याकाळी फ्लेक्सच्या दुकानात बसतो. कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप बऱ्यापैकी येतं. मला ग्राफिक डिझायनर व्हायचंय. सोलापूरला सहा महिन्यांचा कोर्स आहे, तो करू का? बाबा म्हणतात, आधी बी.कॉम. कर. माझी चित्रकला बेताचीच आहे. आणि एआय आल्यावर हे काम तरी राहील का?

उत्तर :

प्रिय मित्रा,

तो कोर्स करू नकोस. अशा वर्गांत बहुतेक वेळ सॉफ्टवेअर शिकवण्यातच जातो आणि ते तू दुकानात, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना शिकला आहेस. हे अक्षर एवढंच मोठं का, हा रंग इथेच का, या दोन ओळींत एवढीच जागा का, हे मात्र तुला अजून कुणी विचारलेलं नाही. डिझाइन त्या प्रश्नांपासून सुरू होतं. त्यांची उत्तरं शोधायला तुझ्या दुकानासारखी जागा नाही.

आज दुकानात गेलास की वाढदिवसाचा एखादा तयार फ्लेक्स उघड. नाव पिवळ्या अक्षरांत असेल, त्याला लाल आउटलाइन, तिच्यावर पांढरी आउटलाइन, मागे सावली. आता त्यातलं ‘श्री’ किंवा ‘क्ष’ जवळून बघ. आउटलाइन जाड होत गेली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. डोळा अक्षर ओळखतो ते काळ्या रेषेइतकंच या मोकळ्या जागेवरूनही. ती बुजली की अक्षर कितीही मोठं केलं तरी लांबून गोळाच दिसतो. फाइलची कॉपी घे, सगळ्या आउटलाइन काढ, वजनदार फॉन्ट लाव, मागचा रंग एकसारखा ठेव. दोन्ही प्रिंट रस्त्यापलीकडून बघ. कोणतं नाव आधी वाचता येतं ते कुणाला विचारावं लागणार नाही.

देवनागरीचं गणित रोमनपेक्षा वेगळं आहे, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुझी खरी संधी मला इथेच दिसते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार बसतात आणि पायाशी उकार लटकतात. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला दिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजी नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरं सुटी करतात. मराठीत तेच केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जागेत बसवायला अक्षर आडवं ताणलं की उभ्या रेषा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षराचा तोल जातो. ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं, ‘दऱ्या’मधला अर्धा र वेगळा. पुष्कळ फॉन्टमध्ये हे नीट नसतं आणि बघणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही.

हे बारकावे जपणारी माणसं आपल्याकडे झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे असे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) तयार करवून घेतले की त्यांची छपाई आजही नमुना म्हणून दाखवतात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना असं रूप दिलं की जाहिरातीतली अक्षरं बघूनच नाटकाचा स्वभाव कळावा. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. जाहिरात क्षेत्रात नाव मिळवल्यावर ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट आज कुणालाही फुकट आणि कायदेशीरपणे वापरता येतात. ते उतरवून घे. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टवरून हळूहळू युनिकोडवर ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या अक्षरांवर. दुकानात श्रीलिपी चालते, पण तो मजकूर वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये नुसता चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हं होतात. बँका, ॲप, पाकिटबंद माल, शाळांची पुस्तकं या सगळ्यांना मराठी लागतं, आणि मराठी अक्षर जाणणारे डिझायनर थोडे आहेत.

रंगाचं मी थोडक्यात सांगते. आधी उजेड-अंधार बघायला शीक, रंग त्यानंतर. केलेलं काम करड्या छटांत बदलून बघ. लालवर पिवळं टिकतं, कारण पिवळा उजळ आणि लाल गडद. हिरव्यावर लाल ठेवलंस तर दोन्ही सारख्याच करड्या छटेचे निघू शकतात. मग कडा थरथरल्यासारख्या दिसतात आणि लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या माणसाला तर काहीच वाचता येत नाही. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साधा मजकूर आणि त्यामागचा रंग यांत निदान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक मागितला आहे. तो मोजणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘मोबाइलवर रंग वेगळा दिसत होता’ ही तक्रार तू रोज ऐकत असशील. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छपाईतला शाईचा, आणि झगझगीत हिरवा-निळा शाईत उतरतच नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगायची सवय लाव.

ओळख, म्हणजे आयडेंटिटी, ही लोगोपुरती नसते. आपली लाल एसटी वळणावर दिसली की पाटी वाचायच्या आधीच माणसं पिशव्या उचलतात. ते काम एकट्या रंगाने केलेलं असतं. चिन्हाचं उदाहरण हवं तर रुपयाचं घे. २०१० साली सरकारने खुल्या स्पर्धेतून ते निवडलं. डी. उदयकुमार यांनी ते केलं, तेव्हा ते आयडीसीतच पीएच.डी. करत होते. त्यात देवनागरी र आहे, रोमन आर आहे आणि वर शिरोरेषा आहे. एका रंगात चालतं, किमतीच्या चिठ्ठीवर चालतं, भाजीवाल्याला खडूने काढता येतं. तू केलेला लोगो या तीन कसोट्यांवर घासून बघ : एका रंगात, नखाएवढ्या आकारात, हाताने काढून.

आता शिक्षणाचं. राज्यातल्या कला महाविद्यालयांत उपयोजित कलेची (अप्लाइड आर्ट) चार वर्षांची पदवी आहे, तिला राज्य सीईटी कक्षाची ललित कलेची प्रवेश परीक्षा लागते. आयआयटीच्या बी.डिझ. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी (एनआयडी) डॅट, या दोन्ही प्रवेश परीक्षांना कॉमर्सचा विद्यार्थी बसू शकतो. अर्ज परीक्षेच्या काही आठवडे, कधी काही महिने आधीच बंद होतात, म्हणून तारखा आणि त्या वर्षीचे नियम संस्थांच्या वेबसाइटवरच बघ, क्लासच्या जाहिरातीत नको. हुबेहूब चित्र येत नाही म्हणून घाबरू नकोस. डोक्यातली कल्पना कागदावर कळेल इतकं काढता आलं पाहिजे. त्यासाठी रोज एक वस्तू बघून काढ : चप्पल, नळ, सायकलचं पायडल.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. खासगी डिझाइन कॉलेजांची फी लाखांत जाते आणि कर्ज काढून तिथे जा, असं मी तुला सांगणार नाही. सरकारी किंवा अनुदानित जागा मिळाली तर जा. नाहीच मिळाली तर बी.कॉम. करताना दुकान आणि सराव चालू ठेव. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.डिझ. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठीची सीड परीक्षा देता येते. मात्र परीक्षेला बसणं वेगळं आणि प्रवेश वेगळा. प्रत्येक संस्थेच्या अटी निराळ्या आहेत, काहींना तीन वर्षांची पदवी पुरत नाही. त्या अटींचा कागद आणि फीचे आकडे बाबांच्या पुढे ठेवून बोल.

एआयबद्दल : फोटो कापणं, मागचं दृश्य बदलणं, शुभेच्छांचा साचा भरणं हे काम कमी होणार आणि दुकानाचं बरंचसं उत्पन्न त्यावरच आहे, हे मालकांनाही कळत असेल. पण यंत्राने काढलेल्या चित्रात जोडाक्षरं अजूनही वारंवार मोडतात, आणि उद्या ती सुधारली तरी दहा नमुन्यांतला कोणता छापायला द्यायचा, ते प्रूफ बघणाऱ्यालाच ठरवावं लागेल.

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहात, शुभेच्छांचे फ्लेक्स ढिगाने भरू नकोस. सहा कामं पुरेत. गावातली एखादी खरी पाटी घे : पिठाची गिरणी, दवाखाना, ग्रामपंचायतीचा सूचना फलक. तिचा मूळ फोटो, तुझी कच्ची रेखाटनं, तू केलेली नवी पाटी आणि प्रत्येक बदल का केलास ते चार ओळींत मराठीत लिही. पहिली दोन झाली की मला पाठव, मी बघून कळवते.