‘राजकीय कौशल्य’ नको, मुत्सद्दीपणा म्हणा

प्रश्न असा आला आहे: नोकरीच्या ठिकाणचं ‘पोलिटिकल स्किल’, म्हणजे माणसं ओळखून, त्यांच्यावर छाप पाडून काम साधण्याची हातोटी, मोजणारी प्रश्नावली मराठीत आणताना ‘राजकीय कौशल्य’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. प्रशिक्षणवर्गांत हा जोडशब्द सतत कानावर पडतो आणि दर वेळी खटकतो. राजकीय म्हणजे राज्यकारभाराचं, पक्षांचं, निवडणुकांचं. ‘ऑफिसातलं राजकारण’ रुळलं आहे खरं, पण त्यात निंदा आहे, आणि इथे मोजायचा आहे तो गुण.

त्या गुणाला मराठीत मुत्सद्दीपणा म्हणतात. आणि काय सुंदर शब्द आहे हा! मूळ अरबी ‘मुतसद्दी’. त्यातल्या ‘तसद्दा’ या क्रियापदाचा अर्थ एखाद्याकडे वळणं, लक्ष देणं, काम अंगावर घेणं. मुघल अमलात दप्तर आणि हिशेब पाहणारा तो मुतसद्दी; सुरत बंदराचा मुख्य अधिकारीही मुतसद्दीच. हिंदी कोशांत तो अजून मुनशी-कारकुनाच्या रांगेत बसलेला दिसतो. मराठीत मात्र त्याला बढती मिळाली. माझ्या मते याचं कारण पेशवाईच्या दप्तरात आहे: कागद ज्याच्या हाती, मसलतही त्याचीच. नाना फडणवीसांचा हुद्दा हिशेब-दप्तराचाच होता, आणि मुत्सद्दी म्हटलं की मराठी माणसाला आधी तेच आठवतात. म्हणजे हा शब्द दरबारातून कचेरीत आलेला नाही, तो जन्मानेच कचेरीतला आहे!

फारसी-अरबी शब्द दिसला की हाकलायला निघणारे शुद्धिवादी इथे ‘कूटनीतिज्ञ’ सुचवतात. कूट म्हणजे खोटं, फसवं. परका शब्द काढायच्या नादात त्यांनी गुणालाच कपट चिकटवलं.

आता ती प्रश्नावली. हा गुण मोजायचा म्हटलं की संशोधक जेराल्ड फेरिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली १८ विधानांची प्रश्नावली बहुतेकांच्या मनात असते. प्रत्येक विधानाला उत्तर ‘अजिबात पटत नाही’ ते ‘पूर्ण पटतं’ अशा सात पायऱ्यांवर द्यायचं. माणसं ओळखणं, त्यांच्यावर छाप पाडणं, ओळखी जोडणं आणि प्रामाणिक वाटणं, असे तिचे चार भाग. पहिला भाग म्हणजे थेट ‘तसद्दा’: समोरच्याकडे वळून नीट पाहणं. चौथ्याचं भाषांतर ‘दिखाऊ प्रामाणिकपणा’ असं करणाऱ्यांनी मात्र घोळ केला आहे. दिखाऊ म्हटलं की ढोंग आलं. इथे विचारलंय ते इतरांना तुमचा प्रामाणिकपणा जाणवतो का, एवढंच. तिथे ‘जाणवणारा प्रामाणिकपणा’ लिहा.