पिशवीत किराणा, पण कोड कुठला?

प्रश्न : मी लालबागला राहते. माझ्या क्रेडिट कार्डावर दर १०० रुपयांमागे २ पॉइंट मिळतात आणि किराणा व रेस्टॉरंटवर ‘५ पट’, म्हणजे १० पॉइंट. गेल्या महिन्यात किराणा आणि बाहेरचं जेवण मिळून मी १८,२७३ रुपये कार्डावर खर्च केले. माझ्या हिशेबाने १,८२७ पॉइंट व्हायला हवे होते, बिलावर आले ३०६. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तर ‘मॅडम, नियमांप्रमाणेच आहे’ एवढंच उत्तर. सगळ्या नोंदींचे आणि नियमांच्या पानाचे फोटो सोबत पाठवतेय. बँक फसवतेय का? आणि पॉइंटसाठी आमच्या वाण्याकडचं सामान बंद करून सगळं सुपरमार्केटमधून घ्यावं का?

उत्तर : ताई, तुम्ही एकेक नोंद पाठवलीत म्हणून नेमकं उत्तर देता येतंय. काल संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसले आणि तुमचा हिशेब दोनदा केला. बँकेने फसवलेलं नाही. पण फोनवरच्या माणसाने तुम्हाला दहा मिनिटं द्यायला हवी होती, याचा मला मनापासून राग आला. मी फोर्टमधल्या एका बँकेत २६ वर्षं होते, त्यातली ९ कार्ड विभागात. हा हिशेब समजावून सांगता येतो, सांगितलाच पाहिजे.

तुमच्या पिशवीत काय आहे हे बँकेला कधीच दिसत नाही. तिला दिसतो दुकानाचा चार आकडी कोड. किराणा दुकान आणि सुपरमार्केट ५४११, रेस्टॉरंट ५८१२, फास्ट फूड ५८१४, डिपार्टमेंटल स्टोअर ५३११. हा कोड तुमची बँक देत नाही, दुकानदाराला स्वाइप मशीन देणारी बँक देते, तेही दुकानदाराने अर्जात धंद्याचं स्वरूप काय लिहिलंय त्यावरून. मी स्वतः असे अर्ज भरून घेतलेत. परळच्या एका दुकानदाराने सुरुवातीला भांडी ठेवली होती, अर्जावर तेच लिहिलं. पुढे दुकानात तांदूळ-डाळींची पोती आली, भांडी एका फळीवर उरली, पण मशीन तेच आणि कोडही तोच. त्याच्याकडून पाच किलो कोलम घेतला तरी बँकेच्या लेखी ती भांड्यांचीच खरेदी.

आता तुमच्या नोंदी. लोअर परळच्या मॉलमधल्या मोठ्या दुकानातून तुम्ही ६,२४८ रुपयांचं सामान घेतलंत. सगळा किराणाच, मान्य. पण तिथे कपडे, बादल्या, मिक्सरही मिळतात आणि तुमच्या ॲपमध्ये त्या नोंदीखाली ‘डिपार्टमेंटल स्टोअर’ असं स्पष्ट दिसतंय. त्यावर ५ पट नाही, साधे २ च्या दराने १२४ पॉइंट.

लग्नाच्या वाढदिवसाचं ४,३६० रुपयांचं जेवण पाहून तर मला वाईटच वाटलं, कारण इथे आपली भाषाच आडवी येते. आपण मराठीत उडप्याकडे डोसा खायला गेलो तरी ‘हॉटेलात गेलो’ म्हणतो. कोडच्या भाषेत हॉटेल म्हणजे राहायची सोय, कोड ७०११. तुम्ही जेवलात ते रेस्टॉरंट एका मोठ्या हॉटेलच्या आत होतं आणि बिल हॉटेलच्याच मशीनवर झालं. त्यामुळे ८६ पॉइंट. माटुंग्याच्या उडप्याकडचे ८९० रुपये मात्र व्यवस्थित रेस्टॉरंटमध्ये धरले गेलेत, त्याचे ८० पॉइंट.

पुढची गोष्ट शंभराच्या तुकड्यांची. पॉइंट महिन्याच्या बेरजेवर मोजत नाहीत. प्रत्येक खरेदी वेगळी मोजतात आणि शंभराच्या खालची चिल्लर सोडून देतात. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर तुमच्या पाच ऑर्डर आहेत : १८९, १९६, १७८, २४५ आणि १९२. बेरीज बरोबर १,०००. तुम्ही १०० पॉइंट धरलेत. पण १८९ मध्ये शंभर एकदाच बसतात, १९६ मध्येही एकदाच. पाचही ऑर्डर मिळून सहा शंभर, म्हणजे ६० पॉइंट. चाळीस पॉइंट नुसत्या चिल्लरीत गेले.

परळच्या सुपरमार्केटमध्ये तुम्ही दोनदा गेलात. ३,४७५ रुपयांवर पूर्ण ३४० पॉइंट आहेत. दुसरी खरेदी, २,३०० रुपयांची, १७ तारखेची. तुमचं बिल १८ ला तयार होतं आणि दुकानाकडून तो व्यवहार पक्का होऊन आला १९ ला. त्यामुळे तो पुढच्या बिलात गेला, त्याचे २३० पॉइंटही त्या बिलापासून पुढे येतील. ते बुडालेले नाहीत.

तर १२४, ३४०, ८०, ८६ आणि ६० मिळून झाले ६९०. मग बिलावर ३०६ च का? ‘५ पट’ हे दोन भागांत जमा होतं. नेहमीचे २ पॉइंट लगेच, वरचे ८ बोनस म्हणून नंतर. तुमच्या नियमांच्या पानावर चौथ्या ओळीत लिहिलंय की बोनस पुढच्या बिलात येईल. तेव्हा ३०६ मूळचे आणि ३८४ यायचे आहेत. पुढच्या बिलावर ३८४ ही ओळ शोधा. ती दिसली नाही तर मात्र भांडायला पूर्ण जागा आहे.

त्याच पानावर बारीक अक्षरांत आणखी एक अट आहे : बोनस पॉइंट एका बिलाच्या महिन्यात जास्तीत जास्त ८००. शंभराला ८ धरले तर १०,००० रुपयांच्या खरेदीला ही मर्यादा भरते. म्हणजे सगळ्या नोंदी योग्य कोडमध्ये आणि वेळेत पडल्या असत्या, तरी ३५२ मूळचे आणि ८०० बोनस, असे १,१५२ च झाले असते. १,८२७ चा आकडा या कार्डावर या खर्चाला शक्यच नव्हता. ‘५ पट’ मोठ्या अक्षरांत आणि मर्यादा मुंगीएवढ्या अक्षरांत छापणं मला नोकरीत असतानाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

यापुढे नव्या दुकानात मोठी खरेदी करण्याआधी शे-दोनशेची एक छोटी खरेदी करा आणि ॲपमध्ये प्रकार काय दिसतो ते बघा. शंका असेल तर फोन नको, ईमेल करा : तारीख, रक्कम, बिलावर छापलेलं दुकानाचं नाव, आणि एकच प्रश्न, ‘हा व्यवहार कोणत्या कोडने आला?’ कोड ५४११ असूनही बोनस दिला नसेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही.

आता वाण्याचं. तुमच्या कार्डाचा एक पॉइंट २५ पैशांचा. किराण्यावर शंभराला १० पॉइंट म्हणजे अडीच रुपये. वाण्याकडे महिन्याला ४,००० चं सामान घेत असाल तर ते सगळं हलवून मिळतील फार तर १०० रुपये. त्यातही पॉइंट वापरताना दर वेळी ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे कापले जातात, म्हणून साठवून वर्षातून एकदाच वापरा. तुम्हीच लिहिलंय की तुमचा वाणी सासूबाईंसाठी पावशेर रवासुद्धा तिसऱ्या मजल्यावर पोचवतो आणि खराब निघालेली डाळ न बोलता बदलून देतो. त्याला सोडू नका. आणि सुपरमार्केटमध्ये गेल्यावर ढकलगाडीत न ठरवलेलं काय काय पडतं, हे मी माझ्याच घरच्या बिलांवर पाहिलंय.

प्रश्न : रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलंय. भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन केला तर कधी चालतं, कधी नाही. पॉइंट मिळतात का? (मुलुंड)

उत्तर : २०२२ पासून ही सोय आहे, पण ती फक्त व्यापाऱ्याच्या क्यूआरला. भाजीवाल्याने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर क्रेडिट कार्डाने पैसे जाणार नाहीत, तिथे तुमचं बँक खातं निवडा. पॉइंट कार्डागणिक वेगळे : कुठे यूपीआयवर कमी दर असतो, कुठे काहीच नसतं. तुमच्या कार्डाच्या नियमांत ‘यूपीआय व्यवहार’ हे शब्द शोधा, आणि सापडलेली ओळ मला पाठवलीत तर पुढच्या अंकात तुमच्या आकड्यांवर हिशेब करून दाखवीन.